पॅक सौदीचा, बिल शारजाचं

उमरा करून आलेल्या माणसाला भेटायला गेलं की जमजम मिळतं, खजूर मिळतात आणि मदिनेच्या गोष्टी ऐकता ऐकता तास-दोन तास कसे जातात कळत नाही. मागच्या वर्षी हिंगणघाटला आमच्या एका चाचांकडे गेलो तेव्हा हे सगळं झालं. निघताना मात्र चाचांनी मला दाराशी थांबवलं आणि खिशातून घडी घातलेला कागद काढला. "बेटा, तू कंप्यूटरवाला आहेस. हे जरा बघ, काय आहे ते."

मोबाइलचं बिल होतं. चाचांचा पोस्टपेड नंबर दुकानाच्या पाटीवर रंगवलेला, म्हणून त्यांनी तो कधी बदलला नाही. महिन्याला चारशेच्या आसपास बिल येतं. या वेळी साडेतेरा हजारांच्या आसपास होतं.

गंमत अशी की जायच्या आधी त्यांच्या मुलाने रोमिंग पॅक घेतला होता. पण पॅक सौदी अरेबियाचा होता आणि विमान नागपूरहून शारजाला जाऊन तिथून जेद्दाला जाणारं होतं. शारजात पाच तासांचा थांबा होता. चाचांनी विमानातून उतरल्याबरोबर फोन सुरू केला, घरच्या ग्रुपवर चार फोटो टाकले आणि फोन खिशात ठेवला. फोन खिशात गेला तरी काम करत राहिला. ग्रुपमधले मुबारकबादीचे व्हिडिओ आपोआप उतरत होते, फोटोंचा बॅकअप सुरू होता, कुठलं तरी अ‍ॅप अपडेट घेत होतं. शारजा सौदीत नाही, हे फोनला माहीत होतं, कंपनीलाही माहीत होतं. फक्त चाचांच्या डोक्यात ते नव्हतं, कारण त्यांच्या दृष्टीने ते उमऱ्याला निघाले होते आणि पॅक उमऱ्याचा होता.

बिलावरचा दर होता १० केबीला ३ रुपये. वाचायला तीन रुपये म्हणजे चहापेक्षा स्वस्त. पण १ एमबी म्हणजे १०२४ केबी, म्हणजे साधारण ३०७ रुपये. चार एमबीचा एक फोटो बाराशेच्या पुढे जातो. चाचांच्या फोनने शारजात एकूण ३६ एमबी वापरले होते. त्याचे ११ हजार आणि वर १८ टक्के जीएसटी. घरी आपण दिवसाला दीड जीबी उडवतो, त्याच्या अडीच टक्केसुद्धा हे होत नाही.

चाचांनी बिल भरून टाकलं होतं. मी विचारलं, तक्रार का नाही केली? म्हणाले, "अल्लाहच्या घरी जाऊन आलो, आता पैशावरून कोणाशी भांडू?"

त्यांच्या सब्रचा मला आदर आहे. पण इथे ते चुकले असं मला वाटतं, आणि हा लेख त्यासाठीच आहे. आपल्या घरांमध्ये वीज, बँक, मोबाइल यांचं बिल नशिबासारखं घेतलं जातं. आलं, भरलं. ते एका कराराखाली आकारलेलं असतं, त्या कराराला नियम असतात आणि ते नियम कंपनीलाही लागू असतात, हे कोणी सांगतच नाही.

आधी रोमिंग म्हणजे काय ते बघू. सेवाग्रामच्या आश्रमात गांधीजींशी संपर्कासाठी व्हाइसरॉय लिनलिथगोने बसवून घेतलेला टेलिफोन आजही बघायला मिळतो. तो फोन एका जागी, त्याची तार एका जागी, म्हणून हिशेब सरळ. मोबाइलचं तसं नाही. शारजात तुमचा फोन सुरू झाला की तो तिथल्या कंपनीच्या टॉवरला धरतो. ती कंपनी तुमच्या सिमवरून ओळखते की हा भारतातला पाहुणा आहे, आणि तुमच्या कंपनीला विचारते, याला सेवा देऊ का? होकार आला की सेवा सुरू. तुम्ही किती मिनिटं बोललात, किती डेटा वापरला याची नोंद ती भारतात पाठवते आणि तुमची कंपनी तिला आधी ठरलेल्या घाऊक दराने पैसे देते. तुमच्याकडून मात्र किरकोळ दर घेतला जातो. घाऊक आणि किरकोळ यांत अंतर किती, हे ग्राहकाला दिसत नाही.

पॅक म्हणजे त्याच सेवेचा आधी ठरवलेला, बराच कमी दर. पण तो ठराविक देशांपुरता, ठराविक दिवसांपुरता आणि ठराविक एमबीपुरता असतो. या तिन्हींपैकी एक जरी ओलांडलं तरी पॅकबाहेरचा दर लागू शकतो. आता बऱ्याच कंपन्या अनेक देश एकत्र असलेले पॅक विकतात, पण यादी वाचल्याशिवाय त्यात आपल्या थांब्याचा देश आहे की नाही ते कळत नाही. विमानातल्या नेटवर्कचंही तेच. हवेत फोन ज्या नेटवर्कला धरतो ते कुठल्याच देशाचं नसतं, त्याचे दर वेगळे असतात. आणि कॉल: पॅक नसेल तर परदेशात असताना घरून आलेला फोन उचलला तरी पैसे आपल्यालाच लागतात. पाच बहिणी पाच वेळा "पोहोचलात का" विचारतात, त्याचा हिशेब कोणी लावत नाही.

कंपनीची बाजू आहे, ती नाकारत नाही. परदेशी कंपनीला तिला पैसे द्यावे लागतातच, आणि चाचांना शारजात उतरल्यावर दरांचा एसएमएसही आला होता. तो मी पाहिला. इंग्रजीत होता. चाचा उर्दू वाचतात, मराठी वाचतात, गुजराती व्यापाऱ्याची वहीसुद्धा वाचून घेतात. इंग्रजी वाचत नाहीत. वर्षानुवर्षं ज्या माणसाकडून पैसे घेतले, त्याला धोक्याची सूचना त्याच्या भाषेत देता आली नाही आणि कागदोपत्री मात्र "ग्राहकाला कळवले होते".

मी आलिम नाही. पण लहानपणी मदरशात जे थोडं शिकलो त्यात 'गरर' हा शब्द होता: ज्या सौद्यात काय मिळणार आणि किती द्यावं लागणार हे एका बाजूला नीट माहीत नसतं, तो सौदा. नदीतला न पकडलेला मासा विकणं हे त्याचं नेहमीचं उदाहरण. १० केबीला ३ रुपये हा दर खोटा नाही, पण केबी म्हणजे किती हे ज्याला माहीत नाही आणि खिशातला फोन किती केबी ओढतोय हे ज्याला दिसत नाही, त्याच्यासाठी तो नदीतलाच मासा आहे. मोजमापात कमी देणाऱ्यांबद्दल कुरआनात एक पूर्ण सूरह आहे, सूरह मुतफ्फिफीन. मशिदीत त्यावर बयान होतं तेव्हा उदाहरण नेहमी भाजीवाल्याच्या तराजूचं असतं. एमबीच्या तराजूचं कधी ऐकलं नाही.

हे दर म्हणजे निसर्गनियम नाहीत, याचा पुरावा आपल्याच आठवणीत आहे. इंजिनिअरिंग संपवून २०१२ मध्ये मी हैदराबादला नोकरीला गेलो. सिम वर्ध्याचं. महाराष्ट्र सर्कल सोडून आंध्र सर्कलमध्ये गेलो की रोमिंग सुरू, आणि अम्मीचा फोन उचलला तरी मिनिटाचे पैसे कापले जायचे. ट्रायने २००७ मध्ये येणाऱ्या कॉलवर घालून दिलेली कमाल मर्यादा मिनिटाला १ रुपया ७५ पैसे होती. म्हणून आमचा करार ठरलेला: एक मिस्ड कॉल म्हणजे सगळं ठीक, दोन म्हणजे एसटीडी बूथवरून फोन कर. पुढे २०१३ मध्ये मर्यादा ७५ पैशांवर आली, मे २०१५ पासून ४५ पैशांवर. त्याच वर्षी जूनमध्ये बीएसएनएलने रोमिंगमधले येणारे कॉल मोफत केले. सप्टेंबर २०१६ मध्ये जिओ आलं आणि काही महिन्यांत इतर कंपन्यांनीही देशांतर्गत रोमिंगचे पैसे घेणं सोडलं. टॉवर तेच, तारा त्याच. जो खर्च "अटळ" होता तो नियामकाने आणि स्पर्धेने काढून टाकला.

युरोपियन युनियनने डेटा रोमिंगचं बिल २०१० पासून आपोआप ५० युरोवर अडवायला लावलं, आणि १५ जून २०१७ पासून सदस्य देशांमध्ये फिरताना जादा रोमिंग शुल्कच काढून टाकलं. आपल्याकडे ट्रायने आंतरराष्ट्रीय रोमिंगवर २०२० मध्ये चर्चापत्र काढलं होतं. माझी मागणी साधी आहे: परदेशात पॅकबाहेरचा डेटा ठराविक छोट्या रकमेला आपोआप थांबला पाहिजे, सगळ्या कंपन्यांकडे सारखाच, आणि पुढे चालू ठेवायचा तर ग्राहकाने त्याच्या भाषेत हो म्हटलं पाहिजे.

देशातल्या रिचार्जचंही थोडं बोलतो, कारण न विचारण्याची सवय तिथूनच लागते. २८ दिवसांचा प्लॅन महिन्याचा वाटतो, पण वर्षात असे तेरा रिचार्ज होतात. २९९ रुपयांचा प्लॅन धरला तर ३,५८८ ऐवजी ३,८८७. घरात चार सिम असतील तर गुणाकार स्वतः करा. ट्रायने जानेवारी २०२२ मध्ये प्रत्येक कंपनीला ३० दिवसांचा आणि दर महिन्याच्या त्याच तारखेला येणारा असे प्लॅनही ठेवायला लावले. डिसेंबर २०२४ मध्ये इंटरनेट न घेता फक्त कॉल आणि एसएमएसचा पॅक देणंही बंधनकारक केलं. बटणाचा फोन वापरणाऱ्या किती दादी-नानींच्या सिमवर आपण आजही डेटाचा रिचार्ज मारतो? दुकानदार तेच मारून देतो आणि आपण "हो, तोच" म्हणतो. पैसे नाहीत म्हणून सिम बंद पडलं तर आधारचा ओटीपी येत नाही, आणि ओटीपी नाही म्हणजे लाडकी बहीणचं ई-केवायसी अडकतं. बाईच्या हक्काचे दीड हजार रुपये एका रिचार्जवर टांगलेले असतात.

चाचांच्या बिलाकडे परत येतो. मी त्यांना न जुमानता तक्रार करायला लावली. १९८ वर फोन केला, तक्रारीचा क्रमांक घेतला, लिहून ठेवला. उत्तर आलं, वापराप्रमाणे शुल्क योग्य आहे. इथे बहुतेक लोक थांबतात. पण प्रत्येक कंपनीत तक्रार केंद्राच्या वर एक अपील प्राधिकरण असतं, तिथे ३० दिवसांच्या आत फुकट अपील करता येतं. ट्राय स्वतः एकेकाची तक्रार सोडवत नाही, त्यामुळे थेट ट्रायला पत्र लिहून बसून राहू नका. अपिलात आम्ही दोनच गोष्टी विचारल्या: सूचना किती वाजता पाठवली आणि कोणत्या भाषेत, आणि पॅक विकताना थांब्याच्या देशाबद्दल काय सांगितलं. तीन आठवड्यांनी कंपनीने सहा हजार रुपये पुढच्या बिलांत वळते केले. चूक मान्य केली नाही, "सदिच्छा म्हणून" असं लिहिलं. चालेल.

तिथेही काही झालं नसतं तर वर्ध्याला जिल्हा ग्राहक आयोग आहे. दूरसंचार कंपनीविरुद्ध ग्राहक मंचात जाता येत नाही असं पूर्वी सांगितलं जायचं. फेब्रुवारी २०२२ मध्ये सुप्रीम कोर्टाने व्होडाफोन आयडियाच्या खटल्यात ते म्हणणं फेटाळलं. पाच लाखांपर्यंतच्या प्रकरणाला आयोगात फी लागत नाही.

आपल्या तरुण दोस्तांकडून मला एक काम हवं आहे. हज-उमऱ्याला जाणाऱ्यांसाठी तरबियती शिबिरं होतात. एहराम कसा बांधायचा, तवाफ कसा करायचा, सगळं सांगतात. त्यात अर्धा तास फोनला द्या. आज हज सुविधा अ‍ॅप आणि रौजा शरीफच्या परवान्यासाठीचं नुसुक अ‍ॅप फोनवरच आहेत, म्हणजे "फोन बंद ठेवा" हा सल्ला उपयोगाचा नाही. भारतीय सिमचा डेटा रोमिंग बंद करून द्या, सिम मात्र चालू राहू द्या, बँकेचे ओटीपी त्यावर येतात. येणाऱ्या एसएमएसला बहुतेक कंपन्या पैसे घेत नाहीत, तरी निघण्याआधी आपल्या कंपनीला विचारून घ्या. डेटासाठी तिथे उतरल्यावर पासपोर्ट आणि बोटांचे ठसे देऊन सौदीचं सिम घेता येतं. ते टाकलं तरी व्हॉट्सअ‍ॅप जुन्याच नंबरवर चालतं. हे माहीत नसल्यामुळे कित्येक बुजुर्ग नवीन सिमला घाबरतात. व्हॉट्सअ‍ॅपचं आपोआप डाउनलोड आणि फोटोंचा बॅकअप बंद. पॅकच घ्यायचा असेल तर तिकीट समोर ठेवून घ्या, फक्त व्हिसा बघून नाही.

पुढच्या महिन्यात चाचांच्या मोहल्ल्यातली दोन कुटुंबं निघतायत. असरनंतर चाचा त्यांचे फोन घेऊन मशिदीच्या ओट्यावर बसतात, कुठल्या फोनमध्ये कुठली सेटिंग कुठे आहे एवढंच मला व्हॉट्सअ‍ॅपवर विचारतात. बाकी मुलाखत ते स्वतः घेतात. पहिला प्रश्न ठरलेला: विमान मध्ये कुठे थांबतं?