कळांचा फोन आणि मामंजींचीं पत्रें

गेल्या महिन्यांत पुण्याच्या एका भगिनींचें पत्र आमच्याकडे आलें. त्यांचे मामंजी सरकारी कचेरींतून निवृत्त झालेले असून, उभ्या नोकरींत इंग्रजी टंकलेखन यंत्रावर त्यांचीं दहाहि बोटें न पाहतां चालत असत. आतां हातांस कंप आहे. परदेशांतील नातवंडांस दर रविवारीं मराठींत चार ओळी धाडण्याचा त्यांचा नेम. परंतु फोनच्या कांचेवर एका अक्षरावर बोट न्यावें तों दुसरेंच उमटतें, आणि दोन महिन्यांपासून तीं पत्रें बंद पडलीं आहेत. बोलून लिहिण्याची सोय सुनेनें दाखविली, तर आपण पत्र लिहितों, भाषण करीत नाहीं, असें म्हणून त्यांनीं फोन बाजूस ठेवला. अमेरिकेंत असलेले धाकटे दीर आतां खऱ्या कळांचा, बेताच्या किंमतीचा एक स्मार्टफोन धाडूं म्हणतात. तो मागवावा कीं नाहीं, असा भगिनींचा प्रश्न आहे.

कळांचा फोन म्हटला कीं बहुतेकांस ब्लॅकबेरी आठवते. कॅनडांतील या कंपनीचीं कळफलकाचीं यंत्रें १९९९ सालापासून कचेऱ्यांत शिरलीं. पुढें २००७ सालीं आयफोन आला आणि बाजार कांचेकडे वळला. ब्लॅकबेरीचें नांव लावून टीसीएल ही चिनी कंपनी जे फोन काढीत असे, त्यांची विक्री २०२० च्या ऑगस्टअखेर थांबली. आणि जुन्या, स्वतंत्र प्रणालीवर चालणाऱ्या ब्लॅकबेरींच्या सेवा ४ जानेवारी २०२२ रोजीं बंद झाल्या. तेव्हां कोणाच्या कपाटांत तसा फोन पडलेला असल्यास त्याच्यावर भिस्त ठेवूं नये. दीरांच्या मनांत आहे तो बहुधा शांघायच्या युनिहर्ट्झ कंपनीचा फोन असावा. तिचा टायटन हा पहिला कळांचा फोन तीनशे ग्रॅमहून जड होता. नंतर २०२१ सालीं टायटन पॉकेट, २०२२ सालीं टायटन स्लिम आणि २०२५ सालीं टायटन २ असे फोन निघाले. अँड्रॉइड प्रणाली असल्यामुळें नेहमींचीं ॲप त्यांवर चालतात.

कळांचा गुण नाकारण्याचें कारण नाहीं. कांचेला नुसता स्पर्श पुरतो; कंप असलेलें बोट निसटतें घासलें तरी ती तो हुकूम समजते. कळेचें तसें नाहीं. बोट तिच्यावर आधीं टेकवितां येतें, कांठ चांचपतां येतो, आणि नीट दाबल्यावांचून अक्षर उमटत नाहीं. एवढ्यावरून हा फोन मामंजींसाठींच घडविला आहे असें वाटावें. परंतु पट्टी घेऊन मोजूं लागलें म्हणजे उत्साह ओसरतो. पॉकेट व स्लिम या फोनांची रुंदी सुमारें सात सेंटिमीटर, आणि वरच्या ओळींत दहा कळा. म्हणजे एकीच्या वांट्याला जेमतेम सात मिलिमीटर जागा. त्यांवर दहा बोटें चालत नाहींत, फोन दोन्ही हातांत धरून दोन आंगठेच चालवावे लागतात. टंकलेखन यंत्रावर मुरलेल्या हातास त्या मुरण्याचा येथें फारसा उपयोग नाहीं. अक्षरांच्या जागा ओळखीच्या असतील, पण आंगठ्यांस सगळें नव्यानें शिकावें लागेल.

याहून मोठी अडचण लिपीची आहे, आणि परदेशांतून वस्तु धाडणारांच्या ध्यानांत ती सहसा येत नाहीं. त्या कळांवर रोमन अक्षरें छापलेलीं असतात. मराठीसाठीं आपल्याकडे इन्स्क्रिप्ट नांवाची सुरेख मांडणी आहे. १९८६ सालीं भारत सरकारच्या इलेक्ट्रॉनिक्स खात्यानें ती ठरविली आणि १९९१ च्या भारतीय मानकांत तिला स्थान मिळालें. डाव्या हातास स्वर, उजव्या हातास व्यंजनें, आणि क ज्या कळेवर त्याच कळेवर शिफ्ट दाबून ख, अशी तिची शास्त्रशुद्ध योजना आहे. परंतु ती आंखली संगणकाच्या पूर्ण कळफलकासाठीं. आपलीं अक्षरें सव्वीस कळांत मावत नाहींत, म्हणून च, ट, ड आणि य हीं अक्षरें इंग्रजी अक्षरांच्या पलीकडे, अर्धविराम, अवतरणचिन्ह, चौकोनी कंस व तिरकी रेघ यांच्या कळांवर ठेवलीं आहेत. फोनच्या चिमुकल्या फलकावर नेमक्या याच कळा स्वतंत्रपणें नसतात; तीं चिन्हें अक्षरांच्याच कळांवर जोडकळ दाबून काढावीं लागतात. परिणाम असा कीं, या मांडणीनें त्या फोनवर 'आजोबा' हा शब्द सुखानें लिहितां येईल, पण 'चिठ्ठी' या शब्दांतील एकहि व्यंजन सरळ सांपडणार नाहीं!

मग उरतो रोमन अक्षरें दाबून देवनागरी उमटविण्याचा मार्ग. कांचेवरच्या कळफलकांत ही सोय आतां नित्याची झाली आहे. मात्र कांचेवर जें ॲप ही सेवा करतें, तें खऱ्या कळांपुढें तशीच सेवा करील असें गृहीत धरूं नये. शिवाय रोमन लिपि आपल्या बाबतींत कंजूष आहे. के-ए-एल एवढीं तीन अक्षरें दाबलीं, तर काल, काळ, कल आणि कळ यांपैकीं कोणता शब्द हवा तें पडद्यावरील यादींतून निवडावें लागतें. म्हणजे बोट पुन्हां त्याच कांचेवर आलें. कोणी म्हणेल, मराठीच रोमनमध्यें लिहावी, नातवंडांस तीच सोपी. आमचें मत निराळें आहे. दर रविवारच्या त्या चार ओळी हेंच त्या मुलांचें देवनागरीचें वाचन असेल, तर तेवढ्यासाठीं थोडी यातायात सोसण्यासारखी आहे.

परदेशी मालाच्या इतर बाबी थोडक्यांत सांगतों. हमी बहुधा जेथें खरेदी झाली त्या देशापुरती असते, आणि कळ बिघडल्यास सुटा भाग आपल्या गल्लींत मिळत नाहीं. पार्सलावर जकात पडूं शकते. जिओच्या जाळ्यावर २जी किंवा ३जी कधींच नव्हतें. त्यामुळें व्होल्टेची सोय तेथें न जुळल्यास साधें बोलणेंहि व्हावयाचें नाहीं. पॉकेट व टायटन २ यांचा पडदा चौकोनी आहे, आणि पुष्कळ ॲप उभ्या पडद्यासाठींच आंखलेलीं असतात.

तेव्हां इंग्रजींत पुष्कळ पत्रव्यवहार करणाऱ्या एखाद्या तरुणानें हौसेनें हा फोन घेतल्यास आम्ही त्यास अडविणार नाहीं. मामंजींसाठीं मात्र तो मागवूं नये. भगिनींच्या घरीं विंडोजचा संगणक आहे असें पत्रावरून दिसतें. त्यांत मराठी इन्स्क्रिप्ट आहेच. शिवाय २०१९ पासून विंडोज १० मध्यें मराठी फोनेटिक कळफलकहि अंगचाच मिळतो. त्यावर मामंजींचीं दहा बोटें जुन्या जागांवर चालतील, आणि यादींतला शब्द निवडण्यास कांचेला हात लावावा लागणार नाहीं. त्याच संगणकांत फिल्टर कीज नांवाची एक सोय आहे. ती सुरू केली म्हणजे ओझरता लागलेला किंवा चुकून पुन्हां पुन्हां पडलेला दाब यंत्र सोडून देतें. कंप असलेल्या हातांसाठींच ती केलेली आहे. कळेवर बोट किती वेळ राहिल्यास अक्षर उमटावें, हें आपणांस ठरवितां येतें. प्रथम तो अवधि थोडा ठेवावा, नाहींतर लिहिणारास यंत्र मंद वाटून वैताग येतो. दीरांस कांहीं धाडावयाचेंच असेल, तर मोठ्या अक्षरांचा, खोल कळांचा एक पूर्ण कळफलक येथल्याच दुकानांतून घेण्यापुरते पैसे धाडण्यास सांगावें.

आणि फोन आधींच निघाला असल्यास, परत करण्याची मुदत संपण्यापूर्वीं घरचें सिम घालून एक फोन लावून पाहावा, बँकेचें ॲप उघडून पाहावें, आणि मामंजींच्या हातीं देऊन त्यांच्याकडून 'चिठ्ठी' हा शब्द देवनागरींत लिहवून घ्यावा.