समोरचा माणूस आणि शिकाऊ हात

परभणी जिल्ह्यांतील झरीसारख्या गावीं चार हौशी मंडळींनीं जमून, समोर बसलेल्या जिवंत माणसाचें चित्र रेखाटावें, असें कोणीं सुचविलें कीं दोन आक्षेप ठरलेले असतात: हें अनीतीचें आहे, आणि हें नवशिक्याचें काम नव्हे. दोन्ही आम्हांस मान्य नाहींत.

पहिला आक्षेप शहरांतहि जुनाच आहे. मुंबईच्या जे. जे. कलाशाळेंत असा वर्ग ग्लॅडस्टन सॉलोमन यांनीं १९१९ सालीं सुरू केला. त्यास शतक होत आलें तरी, अशा वर्गापुढें बसणाऱ्या स्त्रीवरील 'न्यूड' हा मराठी चित्रपट, परीक्षकांनीं निवडूनहि, २०१७ सालीं गोव्याच्या महोत्सवांतून वगळला गेलाच! गावांत तर नग्नतेचा प्रश्नच नाहीं. धोतर नेसलेला वृद्ध पारावर अर्धा तास स्वस्थ बसला तरी अभ्यास होतो.

राहिला नवशिक्या. शरीराची उंची डोक्याच्या सुमारें साडेसातपट असते; नवशिक्या डोकें हटकून मोठें काढतो, कारण तो डोळ्यांनीं नव्हे, समजुतीनें काढतो. ही समजूत छापील चित्रें गिरवून मोडत नाहीं. समोरचा माणूसच ती मोडतो. मग 'आधीं हात तयार करा, मग या' हा उपदेश कोरड्यांत पोहणें शिकविण्यापैकींच नव्हे काय?

अट एकच: बसणाऱ्यास वेळेचा मोबदला मिळावा, आणि त्याच्या संमतीवांचून चित्र बाहेर जाऊं नये. अब्रू राखावयाची ती येथें. शेजाऱ्याकडे अर्धा तास नीट पाहण्याची ज्यास लाज वाटते, त्यानें नीतीच्या गोष्टी न सांगितलेल्याच बऱ्या.