मासा नसलेला गळ

गळ टाकून बसणे हे आपल्याकडे एक तर पोटासाठी करायचे काम, नाही तर रिकामटेकड्याचा उद्योग. या गळफेकीचा एक आंतरराष्ट्रीय खेळ आहे आणि त्यात ना मासा असतो ना पाणी, असे कुणी सांगितले तर थट्टाच वाटेल. पण तो आहे. त्याला ‘कास्टिंग’ म्हणतात. ज्या शिकागोत १८९३ साली विवेकानंदांचे भाषण गाजले, तिथल्याच जागतिक प्रदर्शनात गळफेकीची स्पर्धाही भरली होती. १९५५ मध्ये या खेळाचा आंतरराष्ट्रीय महासंघ स्थापन झाला.

त्यातला नेमबाजीचा एक प्रकार सांगतो. हिरवळीवर वर्तुळे आखलेले कापडी निशाण अंथरतात. मधली काळी चकती पाऊण मीटर व्यासाची. दोऱ्याच्या टोकाला आकडा नाही, साडेसात ग्रॅमचे इवलेसे वजन. दहा ते अठरा मीटरवरच्या पाच जागांवरून प्रत्येकी दोन फेकी; एका जागेवरून खालून झोका देऊन, दुसरीवरून उजव्या अंगाने, मग डोक्यावरून, मग डाव्या अंगाने, शेवटी हवी तशी. चकतीवर पडले तर दहा गुण, बाहेरच्या वर्तुळांत आठ, सहा, चार, दोन. एकूण शंभर. हातात काठी आहे म्हणून जोर लावला की वजन पलीकडे जाते, आणि जपून फेकावे तर अलीकडेच पडते. सगळी करामत मनगटाची, आणि दोरा नेमका केव्हा सोडायचा, या एका क्षणाची. शिवाय शुद्ध शाकाहारी खेळ. घरातल्या आजीचीही हरकत नसावी.

आपल्याकडच्या आईबापांना हे सांगितले की पहिला प्रश्न ठरलेला असतो : ‘याचे दहावीला गुण मिळतात का?’ प्रश्न चुकीचा म्हणवत नाही. दहावी-बारावीला खेळाचे सवलतीचे गुण आहेत, सरकारी नोकरीत खेळाडूंना पाच टक्के जागा आहेत. मध्यमवर्गीय घर हिशेब करणारच. पण या हिशेबात खेळांची यादी आधी येते आणि मूल नंतर. यादीत नाही तो खेळ नाही, आणि ऑलिंपिकमध्ये नाही तो तर नाहीच नाही. गळफेकीला ऑलिंपिक कधी मिळालेच नाही. ‘वर्ल्ड गेम्स’मध्ये ती १९८१ पासून होती, तीही २००५ नंतर गेली. तरी तिच्या जागतिक स्पर्धा चालूच राहिल्या.

यादी किती कच्ची असते, याचा दाखला आपल्या नागपूरनेच दिला आहे. ओजस देवतळे हा नागपूरचा मुलगा. तो ज्या धनुष्याने खेळतो, त्या चाकांच्या ‘कंपाउंड’ धनुष्याला ऑलिंपिकमध्ये जागाच नव्हती. तो सरावासाठी साताऱ्याला गेला, प्रवीण सावंत यांच्याकडे. पन्नास मीटरवर आठ सेंटिमीटरचे दहा गुणांचे वर्तुळ, म्हणजे आपल्या घरातली चहाची बशीही त्याहून मोठी. ऑगस्ट २०२३ मध्ये बर्लिनच्या जागतिक स्पर्धेत अंतिम लढतीत त्याने पंधरा बाण सोडले आणि पंधराही त्या वर्तुळात गेले. दीडशेपैकी दीडशे. पोलंडचा प्रतिस्पर्धी हरला तो १४९ गुण घेऊन! आम्ही बँकवाले एका रुपयाच्या तफावतीसाठी रात्री नऊपर्यंत खातेवह्या उलटत बसत असू, त्यामुळे या एका गुणाचे मोल मला जरा जास्तच कळते. त्याच दिवशी तिथेच साताऱ्याची सतरा वर्षांची अदिती स्वामी विश्वविजेती झाली. त्याच वर्षी हांगचौच्या आशियाई स्पर्धेत ओजसने तीन सुवर्णपदके आणली.

कंपाउंडला ऑलिंपिकमध्ये जागा मिळाल्याचे जाहीर झाले २०२५ मध्ये, तेही २०२८ च्या लॉस एंजेलिससाठी आणि केवळ मिश्र जोडीपुरते. ‘ऑलिंपिकमध्ये कुठे आहे?’ असे विचारून कुणी त्या मुलाच्या हातातले धनुष्य काढून घेतले असते, तर व्यवहारी माणूस म्हणून त्याची वाहवाच झाली असती.

आता पुन्हा गळाकडे. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली या जिल्ह्यांत जुने मालगुजारी तलाव आहेत आणि त्यांच्या काठाने ढिवरांची घरे. हाताने फेकायचे जाळे हवेत गोल उघडले पाहिजे आणि हवे तिथेच पडले पाहिजे, हे तिथला पोरगा बापाशेजारी उभा राहून शिकतो. ज्वारीच्या राखणीत गोफण फिरवणाऱ्याचे तेच. या हातांना आपण कसब म्हणतो, खेळ म्हणत नाही. शाळेत क्रीडा तासाला ते मूल कबड्डीच्या रांगेत मागे उभे असते आणि शरीराने किरकोळ म्हणून त्याला कुणी निवडत नाही. नेमबाजीच्या खेळाला मात्र उंची, छाती, वजन काही लागत नाही.

एखाद्या क्रीडाशिक्षकाने मनावर घेतले तर फार खर्चही नाही. कापडी निशाणाची वाट पाहायचे कारण नाही. कबड्डीचे मैदान आखून उरलेल्या फक्कीत पाच वर्तुळे सहज निघतील. काठी-दोऱ्याचे साहित्य एकच असले तरी पुरते, कारण मुले आळीपाळीनेच फेकणार. पहिल्या दिवशी बहुतेक वजने वर्तुळाबाहेर पडतील. कुणाचे आत पडते, ते शिक्षकाने वहीत लिहून ठेवावे.