रागाची गोळी आणि हरामचा शिक्का

अब्बांच्या शेवटच्या वर्षातली गोष्ट. दम्यानं झोप उडालेली, रात्र रात्र उशीला टेकून बसायचे. एका स्नेह्यानं व्हॉट्सअ‍ॅपवर यादी पाठवली: मधुमेहाला अमुक राग, सांधेदुखीला तमुक, झोपेला आणि रक्तदाबाला दरबारी. मी मोठ्या श्रद्धेनं दरबारी लावला. पाच मिनिटांत अब्बा वैतागले, "ये काय कू लगाया रे? बंद कर."

त्यांना हवी होती कव्वाली, तरुणपणी मिरजेच्या उरुसात बसून ऐकलेली. ती लागली की त्यांची बोटं चादरीवर ठेका धरायची, कपाळावरच्या आठ्या सैल व्हायच्या, कधी कधी डोळाही लागायचा. तेवढ्यात जमातीतले एक बुजुर्ग भेटायला आले आणि म्हणाले, "आता तरी हे बंद करा. आखिरतची फिकीर करा."

यादीवाला स्नेही आणि हे बुजुर्ग एकमेकांना ओळखतही नाहीत. पण दोघांची चूक एकच आहे. एकाला सुरात औषध दिसतं, दुसऱ्याला विष. ऐकणारा माणूस दोघांच्याही हिशेबात नाही.

संथ दरबारीनं अब्बा अस्वस्थ झाले आणि टाळ्यांच्या गजरातली कव्वाली ऐकून शांत झाले, हे कसं? ऐकताना आपलं मन सतत पुढचा अंदाज बांधत असतं. कव्वाल एकच ओळ पुन्हा पुन्हा घोळवतो, लय चढवतो, समेची आस लावतो, मुद्दाम थोडं थांबवतो आणि मग सोडतो. ही घडण अब्बांच्या अंगात मुरलेली होती. दरबारीतला खर्जाचा विस्तार, कोमल गंधारावरचं आंदोलन यांची घडण तितकीच पक्की आहे. पण त्या वाटेवर अब्बा कधी चाललेच नव्हते. पुढचं वळण कुठे आहे हे ज्याला ठाऊक नाही, त्याला त्या वळणाची ओढ कशी लागणार?

भावना अपेक्षेतून जन्मते, हे लिओनार्ड मेयर यांनी 1956 साली सविस्तर मांडलं. 2011 मध्ये माँट्रियलच्या संशोधकांना दिसलं की आवडती जागा येण्याच्या काही क्षण आधीच मेंदूत डोपामिन स्रवू लागतं. त्या प्रयोगात संगीत निवडलं होतं ते ऐकणाऱ्यांनी स्वतः. आपल्याला गोड वाटणारे स्वरमेळ सगळ्या जगाला गोड वाटतात असंही नाही. बोलिव्हियाच्या जंगलातल्या त्सिमाने लोकांना गोड आणि कर्कश मानले जाणारे मेळ सारखेच सुखद वाटले, असं 2016 मध्ये प्रसिद्ध झालं.

यादीवाल्यांनी मोझार्टची गोष्टही आठवावी. 1993 साली 36 विद्यार्थ्यांवर एक छोटा प्रयोग झाला. मोझार्ट ऐकल्यावर एका प्रकारच्या चाचणीत गुण वाढले, तेही जेमतेम दहा-पंधरा मिनिटांपुरते. त्यावर बाळांना हुशार करणाऱ्या सीडींचा बाजार उभा राहिला. पुढे कळलं की करामत मोझार्टची नव्हती, मन प्रसन्न आणि जागं होण्याची होती. संगीतानं शस्त्रक्रियेआधीची धास्ती कमी होते, हे अनेक चाचण्यांत दिसलं आहे. म्हणून रागाच्या भरवशावर कुणी रक्तदाबाची गोळी सोडली, तर यादी पाठवणारा जबाबदारी घेणार आहे का?

आता बुजुर्गांकडे वळतो. इमाम गजालींचं 'इह्या' तुम्ही मानता ना? त्यात समाअवर अख्खं प्रकरण आहे. गजालींनी सगळंच हलाल ठरवलं नाही, काही वाद्यं स्पष्ट नाकारली. पण समाअ हृदयात नवं काही टाकत नाही, जे आहे तेच हलवतो, हा विचार तिथे आहे. निवाडा करताना ते ऐकणाराही पाहतात, शब्दही आणि प्रसंगही. साडेनऊशे वर्षांपूर्वी जन्मलेला आलिम ऐकणाऱ्याची चौकशी करतो आणि आपण मोबाइलचा आवाज ऐकूनच शिक्का मारतो!

कुराणपठण म्हणजे गाणं नव्हे, हे मलाही मान्य आहे. पण इजिप्तचे नामवंत कारी बयाती, रास्त, हिजाज हे मकाम जाणूनच पठण करतात. कारी वरच्या पट्टीत जाऊन थांबतो तेव्हा तुमच्याही तोंडून "अल्लाह" निघतो. आवाजाच्या घडणीला हृदय दाद देतं, याचा याहून मोठा पुरावा काय हवा?

ओटोमन सुलतान बायझीद दुसरा याच्या एदिर्नेतल्या रुग्णालयात रुग्णांसाठी वादक नेमलेले असत. इकडे मिरजेत तंतुवाद्यं घडवणारी मुस्लिम घराणी पिढ्यान् पिढ्या तुंबे कोरत आली. अब्दुल करीम खाँसाहेबांची कबर तिथल्या दर्ग्याच्या आवारातच आहे. हा वारसा एकीकडे चमत्काराच्या यादीत विकला जातोय, दुसरीकडे लाजेनं लपवला जातोय.

अब्बा गेले त्या आठवड्यात घरात कव्वाली वाजली नाही. लोक काय म्हणतील म्हणून मीच बंद केली होती. त्यांची बोटं चादरीवर तशीच पडून असायची. त्यांनी मागितली नाही आणि मीही विचारलं नाही. या लेखातला पहिला आरोपी मी आहे. तुमच्या घरात कुणी असं पडून असेल, तर यादी नको, फतवा नको. आधी त्यांना विचारा: काय लावू?