शंभर उंट न्यायचे कुठे?

2023 च्या मे महिन्यात नाशिकच्या रस्त्यावर उंट आले. एक-दोन नव्हेत, शंभराच्या वर. कित्येक दिवसांची पायपीट करून आलेली, बरगड्या मोजता याव्यात अशी जनावरं.

उंटाचा पाय मी तेव्हा पहिल्यांदा जवळून पाहिला. बैलासारखं टणक खूर नसतं त्याला. पुढे दोन बोटं, खाली मऊ, पसरट गादी. वाळूत रुतू नये म्हणून मिळालेली ती गादी तापलेल्या डांबरावर सोलवटली होती. एक उंट पाय टेकवायचा आणि लगेच उचलून धरायचा. मला तिथे फार वेळ उभं राहवलं नाही.

प्राणिमित्रांनी आवाज उठवला, प्रशासन हललं, कळप अडवला गेला. पण अडवल्यावर न्यायचा कुठे? नाशिकला त्याचं उत्तर होतं, कारण 1878 पासून इथे पंचवटी पांजरपोळ आहे. भाकड गाई, म्हातारे बैल, मालकाला नकोशी झालेली गुरं सांभाळणारी ही संस्था. चुंचाळ्याच्या तिच्या जागेत उंटांना उतरवून घेतलं. पण गुरांच्या गोठ्यात उंट कसा सांभाळायचा? त्याला गव्हाणीतल्या कडब्यापेक्षा बाभूळ-निंबाचा पाला ओरबाडायची सवय. इथली हवा दमट, पाऊस तोंडावर. उपचार होऊनही काही उंट दगावलेच.

सुटका केल्याची बातमी एका दिवसात होते. त्यापुढचं पाणी, पाला, मलमपट्टी रोज करावी लागते. ते करणाऱ्यांचे हात फोटोत येत नाहीत.

त्याच वर्षी चुंचाळ्याची हीच 825 एकर जागा उद्योगांना द्यावी, अशी मागणी जोर धरत होती. अंबडची औद्योगिक वसाहत शेजारीच आहे, पोरांना काम हवं, हे मला मान्य आहे. तरीही तिथली लाखावर झाडं, तळी आणि गुरं असताना त्या जागेला ‘पडीक’ म्हणणं मला सहन होत नाही. ती जागा नसती, तर तेव्हा आपण शंभर उंट कुठल्या पार्किंगमध्ये बांधणार होतो?

पुढे राजस्थानातून राईका आले. पिढ्यान्‌पिढ्या उंट पाळणारी ही माणसं. ट्रकमध्ये न कोंबता, पाऊस गाठायच्या आत त्यांनी कळप पायीच परत न्यायला घेतला. सकाळच्या उन्हाआधी, रमतगमत, वाटेतला पाला खाऊ देत.