जहाज थांबत नाही, बॉस!

क्रूझचं तिकीट हातात आलं की आपण सगळे आधी एकच गोष्ट बघतो. किती वाजता सुटतं? संध्याकाळी पाच. झालं! डोक्यात लगेच लोकलचं गणित सुरू. पाचला सुटतं म्हणजे साडेचारला पोचू, ट्रॅफिक धरून साडेतीनला निघू... मंडळी, घोळ इथेच होतो. एक लोकल गेली तर पाच मिनिटांत दुसरी येते. पुण्याहून सकाळी सव्वासातची डेक्कन क्वीन चुकली तर स्वतःला चार शिव्या घालून पुढची गाडी पकडता येते. शुक्रवारचं जहाज चुकलं तर मात्र पुढचं जहाज पुढच्या आठवड्यात, आणि तेही नव्या तिकिटावर!

हल्ली आमच्या ग्रुपमध्ये क्रूझचं फॅड सॉलिड वाढलंय. कुणी मुंबईहून वीकेंडला जातं, कुणी हनिमूनला सिंगापूरहून, तर ऑनसाइट गेलेले आमचे आयटीवाले दोस्त मायामीहून बहामाजला. व्हॉट्सअ‍ॅपवर डिनरला काय घालायचं यावर दोन-दोन दिवस चर्चा रंगते. ‘निघायचं कधी?’ हा प्रश्न मात्र शेवटच्या पाच मिनिटांत उरकला जातो. म्हणून म्हटलं, आज या प्रश्नाचा फंडा जरा क्लिअर करू या.

पहिली गोष्ट, तिकिटावरचे पाच हे जहाजाचे पाच. आपले पाच त्याच्या बरेच आधी वाजतात. चेक-इनची खिडकी साधारण तास-दीड तास आधीच बंद होते. नेमकी वेळ कंपनीगणिक बदलते, पण ती तिकिटाच्या कागदपत्रांत कुठेतरी बारीक अक्षरात लिहिलेली असतेच. ती शोधा आणि तीच मोबाइलमध्ये टाका. पाच वाजताची वेळ विसरून गेलात तरी चालेल.

असं का? कारण जहाज सुटायच्या आधी बरीच कामं उरकायची असतात. एकेका जहाजावर दोन-तीन हजार माणसं. प्रत्येकाच्या बॅगा, सिक्युरिटी, पासपोर्ट, आणि परदेशी निघाला असाल तर इमिग्रेशन. शिवाय जहाजावर कोण कोण आहे याची पक्की यादी लागते. अमेरिकेच्या बंदरातून निघणाऱ्या जहाजाला तर प्रवाशांची यादी सुटायच्या किमान ६० मिनिटं आधी सरकारकडे पाठवावी लागते. यादी गेली की दार बंद. मग तुम्ही टॅक्सीतून कितीही हात हलवा!

दुसरं कारण जास्त गंभीर आहे. १३ जानेवारी २०१२ च्या रात्री इटलीच्या किनाऱ्याजवळ, जिल्यो बेटापाशी कोस्टा कॉन्कॉर्डिया हे जहाज खडकावर आपटलं आणि कलंडलं. ३२ जणांचा जीव गेला. त्याच संध्याकाळी चिविताव्हेक्किया बंदरात सुमारे ७०० प्रवासी जहाजावर चढले होते आणि त्यांची सेफ्टी ड्रिल झालेलीच नव्हती. ड्रिल म्हणजे लाइफ जॅकेट कसं घालायचं आणि भोंगा वाजला की कुठे जमायचं, हे शिकवण्याची कवायत. ती २४ तासांत उरकली तरी चालेल, असा तेव्हाचा नियम होता. तो बदलला. १ जानेवारी २०१५ पासून ही कवायत जहाज सुटायच्या आधी किंवा सुटताक्षणीच घ्यावी लागते. तेव्हा शेवटच्या मिनिटाला धावत येणाऱ्या हीरोंसाठी जहाजाच्या वेळापत्रकात आता जागाच उरलेली नाही.

बरं, कॅप्टनला दया आली तरी उपयोग नसतो. जहाज बाहेर काढायला बंदराचा पायलट ठरलेल्या वेळेला येतो, टगबोटी ठरलेल्या असतात, धक्का रिकामा करून द्यायचा असतो आणि पुढच्या बंदरातली जागाही वेळेवर गाठायची असते. तुमच्या एका टॅक्सीसाठी एवढी सगळी साखळी कोण थांबवणार?

इतकं ऐकल्यावर काही जण दुसऱ्या टोकाला जातात. सकाळी आठलाच बॅगा घेऊन बंदराच्या दारात हजर! तेही करू नका. जहाज सकाळी बंदराला लागतं तेव्हा त्यात आधीच्या ट्रिपची माणसं असतात. ती उतरणार, मग खोल्या साफ होणार, चादरी बदलणार, भाजी-दूध चढणार. खोली मिळेपर्यंत बहुतेक वेळा दुपार उजाडते. शिवाय ऑनलाइन चेक-इन केलं की तुम्हाला चढायची वेळ दिली जाते, आणि त्या वेळेआधी गेलात तर टर्मिनलच्या खुर्चीवर बसून राहायचं. बॅगा खाली दिल्या की त्या संध्याकाळपर्यंत खोलीच्या दाराशी येतात, म्हणून पासपोर्ट, औषधं, चार्जर आणि एक जोड कपडे मात्र हातातल्या पिशवीत ठेवा.

थोडक्यात, घड्याळं दोन. एक बंदराचं आणि एक शहराचं. बंदरात दिलेल्या वेळेला जायचं. शहरात मात्र त्याच्या बरंच आधी पोचायचं. बरंच म्हणजे किती, यावरूनच आमच्या घरात महायुद्ध झालं होतं.

आई-बाबांच्या लग्नाला ३५ वर्षं झाली म्हणून डिसेंबरात सगळ्यांनी सिंगापूरहून तीन रात्रींची क्रूझ करायची ठरली. आई, बाबा, दादा, वहिनी, चिऊ आणि मी. एकूण सहा जण. जहाज शुक्रवारी संध्याकाळी पाचला सुटणार आणि सोमवारी परत येणार. बुकिंगचं खातं अर्थातच माझ्याकडे, कारण ‘ती फ्रीलान्स करते, तिला काय, वेळच वेळ!’

दादाचं गणित तयार होतं. गुरुवारी रात्री साडेअकराची फ्लाइट घ्यायची. साडेपाच तासांचा प्रवास, सिंगापूरचं घड्याळ आपल्यापेक्षा अडीच तास पुढे, म्हणजे सकाळी साडेसातला चांगीला. जहाज पाचला.

‘साडेनऊ तास हातात आहेत! एवढ्यात तू दोनदा शॉपिंग करशील. हॉटेलचा खर्च कशाला?’

‘दादा, तुझी फ्लाइट वेळेवर आली तर साडेनऊ तास. रद्द झाली तर?’

‘मग पुढची.’

‘पुढची सकाळी. समजा आठला निघाली, तर तिथे पोचायला दुपारचे चार वाजणार. तोवर चेक-इन बंद. आणि डिसेंबरात एका फ्लाइटमध्ये सहा सीट कोण देतंय तुला?’

दादा गप्प झाला. माझा फंडा एवढाच आहे. हातात किती तास मोकळे आहेत, हे मोजत बसू नका. आपली गाडी किंवा विमान चुकलं, तर त्याच्या मागचं आपल्याला जहाजापर्यंत पोचवतं का, एवढं विचारा. उत्तर ‘हो’ असेल तर त्याच दिवशी निघा, बिनधास्त. ‘नाही’ असेल तर आदल्या दिवशी पोचा, मग कागदावर मोकळे तास नऊ दिसोत नाहीतर बारा.

पण दादाची खरी अडचण हॉटेलच्या पैशांची नव्हतीच. ती रजेची होती. शुक्रवार आणि सोमवारची रजा मंजूर झाली होती. एक रजा त्याने जपून ठेवली होती, जानेवारीत चिऊच्या शाळेचं गॅदरिंग होतं त्यासाठी. आम्ही बुधवारी रात्री निघालो तर गुरुवारही सुट्टीत जाणार होता. बिचाऱ्याने मधला मार्ग काढला. ‘तुम्ही सगळे बुधवारी पुढे व्हा, मी गुरुवारी रात्री एकटा येतो. चुकलंच जहाज तर माझं चुकेल.’

तेवढ्यात आई स्वयंपाकघरातून बाहेर आली. ‘जायचं तर सगळ्यांनी, नाहीतर मी घरीच बरी. तू तिकडे विमानतळावर आणि आम्ही इकडे जहाजावर केक कापायचा का रे?’

विषय संपला. दादाने गुरुवारची रजा टाकली. ऑफिसात काम करणाऱ्या प्रत्येकाला कळेल की हा खर्च हॉटेलच्या बिलापेक्षा मोठा होता. आम्ही गुरुवारी सकाळी पोचलो. आईची पाठ धरली होती, ती दुपारभर झोपली आणि संध्याकाळी फिरायला ताजीतवानी! दुसऱ्या दिवशी दादाने मुद्दाम मोबाइलवर बघितलं. गुरुवार रात्रीची फ्लाइट अगदी वेळेवर उतरली होती. त्याने माझ्याकडे जो कटाक्ष टाकला, तो मी जन्मभर विसरणार नाही! बाबा मात्र हसून म्हणाले, ‘अरे, छत्री नेली आणि पाऊस पडला नाही, म्हणून छत्रीला कुणी शिव्या घालतं का?’ गॅदरिंगसाठी दादाने साहेबांकडून अर्धा दिवस मागून घेतला. चिऊचा नाच त्याला मिळाला, बक्षीस समारंभ हुकला.

आदल्या दिवशी पोचायचा आणखी एक फायदा आम्हाला तिथे कळला. सिंगापूरला क्रूझची टर्मिनल दोन आहेत. एक मरीना बे क्रूझ सेंटर, २०१२ मध्ये सुरू झालेलं, मरीना साउथ पियर स्टेशनजवळ. दुसरं हार्बरफ्रंटला. टॅक्सीवाल्याला नुसतं ‘क्रूझ सेंटर’ म्हणालात तर तो कुठेही नेऊ शकतो. हातात अख्खी संध्याकाळ असली की हे शांतपणे तपासता येतं.

आता म्हणाल, मुंबईहूनच जहाज पकडायचं असेल तर? तिथेही नियम तोच, फक्त उत्तर वेगळं येतं. पुण्याची मंडळी त्याच दिवशी निघू शकतात, कारण सकाळी मुंबईकडे येणाऱ्या गाड्या एकामागोमाग एक आहेत. डेक्कन क्वीन साडेदहाच्या सुमाराला सीएसएमटीला सोडते. ती चुकली तर दुसरी गाडी, नाहीतर बस, नाहीतर कॅब. संध्याकाळच्या जहाजासाठी भरपूर झालं. स्वतःची गाडी काढणार असाल तर मात्र वीकेंडचा खंडाळा घाट लक्षात घ्या. जानेवारी २०२४ मध्ये सुरू झालेल्या अटल सेतूने शेवटचा टप्पा सोपा केलाय, पण घाटात अडकलेल्याला पुढच्या २१.८ किलोमीटरच्या पुलाचा काय उपयोग? आणि पावसाळ्यात निघणार असाल तर सरळ आदल्या दिवशी या. घाटात दरड आली की रेल्वे आणि रस्ता दोन्ही एकदम अडकू शकतात, मग मागच्या गाडीचा हिशेबच संपला.

नागपूरकरांची रात्रीची गाडी म्हणजे दादाची रात्रीची फ्लाइटच! ती सकाळी पोचते हे खरं, पण ती रखडली तर मागे काय आहे? बंगळुरूहून विमानाने येणाऱ्यांनी आपल्या फ्लाइटमागे दुपारपर्यंत मुंबईत उतरवणारी आणखी एक आहे का, ते बघावं. विमानतळाच्या टी-२ वरून आता मेट्रो ३ थेट सीएसएमटीपर्यंत येते. २०२५ च्या ऑक्टोबरपासून ती कफ परेडपर्यंत पूर्ण सुरू झाली. सीएसएमटीहून बॅलार्ड पियर टॅक्सीने अगदी जवळ. नवं आंतरराष्ट्रीय क्रूझ टर्मिनल तिथेच आहे, सप्टेंबर २०२५ मध्ये त्याचं उद्घाटन झालं.

गंमत म्हणजे याच बॅलार्ड पियरवर एके काळी जहाजासाठी ट्रेन थांबायची! १९२८ मध्ये सुरू झालेली फ्रंटियर मेल विलायतेहून येणाऱ्या टपाल बोटींच्या वेळा सांभाळून धक्क्यावरच्या स्टेशनातून सुटत असे. गाडी आणि बोट, दोन्हींच्या वेळा एकमेकींशी जुळवलेल्या. आज तुमचं विमान एका कंपनीचं, जहाज दुसरीचं, आणि दोघींची ओळखसुद्धा नसते. विमानाला उशीर झाला हे जहाजाला सांगणारं कुणी नाही. क्रूझ कंपनीकडूनच विमानाचं तिकीट घेतलं असेल तर सहसा ते पुढची सोय बघतात. वेगवेगळी तिकिटं काढलीत, तर मधली जबाबदारी पूर्णपणे तुमची.

‘इन्शुरन्स आहे ना!’ असं म्हणणाऱ्यांनी पॉलिसी जरा उघडून बघा. किती तासांचा उशीर धरतात, कोणत्या कारणांसाठी, आणि मध्ये किमान किती वेळ ठेवायची अट आहे, हे प्रत्येक पॉलिसीत वेगळं असतं. आणि सगळं जमून पैसे परत आले, तरी ती ट्रिप काही परत येत नाही. पुढच्या बंदरात जहाज गाठू म्हणाल, तर तिथला व्हिसा आणि आयत्या वेळचं तिकीट लागतं. तीन रात्रींच्या क्रूझमध्ये तोवर परत यायची वेळ होते!

म्हणून उलट्या क्रमाने चला. आधी चेक-इन कधी बंद होतं ते शोधा. मग मागच्या गाडीचा, मागच्या विमानाचा प्रश्न विचारा. एक दिवस जास्त लागणार असं दिसलं तर त्या दिवसाची किंमत मोकळेपणाने मोजा, हॉटेलची आणि रजेचीही. जमत नसेल तर सोमवारी सुटणारं जहाज बघा, म्हणजे वाटेतला उशीर शनिवार-रविवारच्या खात्यात जाईल. आणि हो, क्रूझचं तिकीट काढायच्या आधी रजेचा अर्ज टाका. साहेब एक वेळ ऐकतील, कॅप्टन नाही ऐकणार.