महिनाभर रजा देणारा खेळ

एमएमओआरपीजी प्रकारातला पहिला ऑनलाइन खेळ निवडताना बहुतेक जण तीनच गोष्टी पाहतात: ग्राफिक्स कसे आहेत, किती लोक खेळतात आणि फुकट आहे का. तिन्ही प्रश्न रास्त आहेत, पण पुरेसे नाहीत. या खेळांत हजारो माणसं एकाच वेळी एका जगात वावरतात, प्रत्येकाचं पात्र महिनोन्‌महिने वाढत जातं आणि आपण कॉम्प्युटर बंद केला तरी ते जग चालूच राहतं. बुद्धिबळाचा डाव संपतो, सिनेमा संपतो. हा खेळ संपत नाही. म्हणून सगळ्यात आधी एवढं पाहावं: परीक्षा, आजारपण, घरातलं लग्न यांपायी महिनाभर फिरकता आलं नाही, तर परतल्यावर हा खेळ आपल्याला कसं वागवेल? ज्याचं उत्तर ‘जिथे सोडलं तिथून सुरू करा’ असं येतं, तोच पहिला खेळ म्हणून योग्य, असं माझं ठाम मत आहे.

या प्रश्नाचं मूळ अर्थकारणात आहे. १९९७ चा ‘अल्टिमा ऑनलाइन’, १९९९ चा ‘एव्हरक्वेस्ट’ आणि २००४ चा ‘वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट’ हे तिन्ही मासिक वर्गणीवर उभे राहिले. खेळाडू पुढच्या महिन्यात टिकला तरच उत्पन्न, त्यामुळे त्याला सतत काहीतरी मिळवायला ठेवणं हा या रचनेचा कणा झाला. ‘वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट’चे २०१० मध्ये एक कोटी वीस लाख वर्गणीदार होते आणि खेळ त्या लोकप्रियतेच्या तोडीचा होता; आजही विसाव्या लेव्हलपर्यंत तो फुकट खेळता येतो. मात्र नवा विस्तार, म्हणजे खेळाचा पुढचा भाग, आला की कष्टाने मिळवलेली शस्त्रं-चिलखतं मागे पडतात आणि चढण पुन्हा सुरू होते. ज्याला ती चढणच आवडते त्याने हा खेळ जरूर घ्यावा. नवख्याला मात्र आपल्याला काय आवडतं हेच अजून उमगलेलं नसतं, आणि ते उमगायच्या आत त्याला मागे पडण्याची धास्ती लागते.

वेगळ्या रीतीने बांधलेले खेळही आहेत. २०१२ मध्ये आलेल्या ‘गिल्ड वॉर्स २’मध्ये लेव्हलची मर्यादा ८० आहे आणि इतके विस्तार येऊनही ती वाढलेली नाही. मासिक वर्गणी नाही, मूळ खेळ फुकट आहे, आणि एकदा मिळवलेली उत्तम साधनं पुढच्या विस्तारात निकामी होत नाहीत. ‘ओल्ड स्कूल रूनस्केप’ हा २००७ मधल्या खेळाचा २०१३ मध्ये पुन्हा सुरू केलेला अवतार. त्यात मोठे बदल खेळाडूंच्या मतदानाने ठरतात, कमावलेलं कौशल्य कायम राहतं आणि एकच खातं फोनवर व कॉम्प्युटरवर चालतं. ज्या घरात फोन हाच कॉम्प्युटर आहे तिथे ही सोय मोठी आहे. ‘फायनल फँटसी १४’ २०१० मध्ये पहिल्यांदा आला तेव्हा इतका फसला, की कंपनीने तो बंद करून २०१३ मध्ये नव्याने उभा केला. त्याची फुकट चाचणी सत्तराव्या लेव्हलपर्यंत जाते आणि तिला दिवसांची मर्यादा नाही. खेळाचे सूत्रधार नाओकी योशिदा तर उघडपणे सांगत आले आहेत, की नवा भाग संपला की खुशाल वर्गणी थांबवा, दुसरे खेळ खेळा, मग परत या. तरी याच खेळात विकत घेतलेल्या घराकडे ४५ दिवस फिरकलं नाही तर एरवी ते पाडलं जातं. म्हणून खेळ चांगला असला तरी नवख्याने घराच्या भानगडीत पडू नये.

‘मग फुकटचाच निवडावा, पैसे गुंतले नाहीत तर सोडणंही सोपं,’ असं कुणी म्हणेल. ते अर्धंच खरं आहे. जो खेळ वर्गणी घेत नाही तो दुकानावर जगतो, आणि दुकानात काय विकलं जातं यावर सगळं अवलंबून असतं. नुसते कपडे आणि सजावट असेल तर हरकत नाही. पण आत काय निघेल हे नशिबावर सोडणारे लूट बॉक्स असतील, तर खर्चाचा अंदाजच उरत नाही. बेल्जियमने २०१८ मध्ये असे विकतचे बॉक्स जुगारात मोडतात असं ठरवलं ते उगीच नाही. आपल्याकडे २०२५ च्या कायद्याने पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी आली, पण ठरावीक वर्गणीचे खेळ तिच्यात येत नाहीत. महिन्याची वर्गणी आधी कळते आणि थांबवता येते, म्हणून पालकांनी तिला बिचकू नये.

सगळ्यात वजनदार आक्षेप वेगळाच आहे. या खेळांची खरी गंमत माणसांत आहे, आणि माणसांशी नातं नियमित भेटीशिवाय जुळत नाही. मग सोडायला सोपा खेळ शोधायचा कशाला? नॉर्वेच्या मॅट्स स्टीनची हकीकत इथे आठवलीच पाहिजे. स्नायूंच्या दुर्धर आजाराने २०१४ मध्ये, पंचविसाव्या वर्षी तो गेला. मुलगा एकाकी जगला असं मानणाऱ्या आईवडिलांना त्याच्या मृत्यूनंतर कळलं, की ‘वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट’मध्ये त्याचे कितीतरी जिवलग होते, त्यातले काही अंत्यविधीला परदेशातून आले. हा पुरावा मला पूर्ण मान्य आहे. पण त्याचा ‘स्टारलाइट’ संघ पात्रांच्या तोंडून एकत्र गोष्ट रचणाऱ्यांचा होता, आणि त्या गटाला बांधून ठेवलं ते एकमेकांच्या ओढीने. माणसांची ओढ आणि हजेरीच्या बक्षिसाची ओढ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. दुसरी कमी असलेला खेळ घेतला, तर आपण कुणासाठी परत येतो आहोत ते नवख्याला स्पष्ट दिसतं.

म्हणून खेळाइतकाच विचार सोबतीचा आणि घड्याळाचा करावा. समजा खेळाचा सर्व्हर युरोपात, फ्रँकफर्टला आहे; मुंबईपासून ते अंतर साडेसहा हजार किलोमीटरच्या आसपास आहे. फायबरमधून प्रकाशाला जाऊन-येऊन किमान ६५ मिलिसेकंद लागतात, प्रत्यक्षात त्याहून बरेच जास्त. ‘ओल्ड स्कूल रूनस्केप’ची चाल ०.६ सेकंदाच्या ठोक्यावर चालते, त्यामुळे तिथे हा उशीर फारसा बाधत नाही. क्षणात उडी मारून वार चुकवायच्या खेळात तो जाणवतो. जवळचा सर्व्हर हाही एकमेव निकष नव्हे: ‘अल्बियन ऑनलाइन’चा एक सर्व्हर सिंगापूरला आहे, पण त्याच्या धोक्याच्या प्रदेशात मेलं की अंगावरचं सगळं जातं, आणि नवख्याला ते फार लवकर होतं. वेळेचं गणित तर आणखी कठोर आहे. जर्मनीतल्या संघाने हिवाळ्यात रात्री आठला रेड, म्हणजे सगळ्यांनी मिळून करायची मोठी लढाई, ठेवली तर आपल्याकडे साडेबारा वाजलेले असतात, आणि शाळा-नोकरी असलेल्याने ते पाळत बसणं चूकच. पुण्यात रविवारी संध्याकाळचे पाच वाजतात तेव्हा म्युनिकमध्ये हिवाळ्यातली दुपारची साडेबाराची वेळ असते. तिकडे मावसभाऊ असेल, तर खेळ कोणता हे त्याच्याशी बोलून ठरवावं आणि एवढा एक वार दोघांनी राखून ठेवावा.